संगणकाचे दप्तर आणि त्यातील फेरफार

महाराष्ट्रात कर्जत या नावाची तालुक्याची ठिकाणे दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यात, घाटाच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या काठी, मुंबई-पुणे लोहमार्गावर. आणि दुसरे, ज्याच्या परिसरात बसून हे प्रकरण मी लिहीत आहे ते, अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण अंगास, सीना आणि भीमा या दोन नद्यांच्या आसऱ्याने जगणाऱ्या कोरडवाहू मुलखात. परगावच्या माणसाकडून पाकिटावर नुसते 'कर्जत' एवढेच लिहिले गेले आणि जिल्हा लिहावयाचा राहिला, तर राशीनच्या देवीचा किंवा सिद्धटेकच्या गणपतीचा प्रसाद मागविणारे त्याचे पत्र सह्याद्रीच्या पलीकडे जाऊन पडण्याचा संभव फार. आणि ते तसे पडले तर त्यात दोष टपालखात्याचा नव्हे की गावाचाही नव्हे, दोष अपुऱ्या पत्त्याचा. विंडोज प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाच्या पोटात जे एक अवाढव्य दप्तर असते, आणि ज्यास त्या शास्त्राच्या परिभाषेत 'रजिस्ट्री' म्हणतात, त्यात शिरू पाहणाऱ्याने ही दोन कर्जतांची गोष्ट आरंभीच ध्यानात धरावी. कारण तेथे एका नावाची ठिकाणे दोनच नव्हेत तर अनेक असतात, आणि भलत्याच ठिकाणी केलेली दुरुस्ती पत्रासारखी 'पत्ता अपुरा' असा शेरा घेऊन परत येत नाही.

दप्तर हा शब्द मी विचारपूर्वक योजिला आहे. तो फारसीतून आपल्याकडे आला आणि त्याचे मूळ कातडे या अर्थाच्या एका ग्रीक शब्दापर्यंत मागे नेता येते. लिहावयाच्या कातड्यावरून लेखास, लेखावरून वहीस, वहीवरून वह्या राखण्याच्या कचेरीस आणि अखेर शाळेत जाणाऱ्या पोराच्या पाठीवरील पिशवीस हे एकच नाव चिकटत गेले. ज्या नगरच्या निजामशाहीत मलिक अंबराने जमिनीची प्रत पाहून धारा बसविण्याची शिस्त घालून दिली, त्या मुलखातील माणसाला राज्यकारभार दप्तरावर चालतो हे निराळे सांगावयास नको. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागद कापडात बांधून ठेवलेले असतात आणि त्या प्रत्येक गाठोड्यास 'रुमाल' म्हणतात. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातूनच निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध केले. सरदार कोण, त्याची नेमणूक किती, कोणत्या गावचा वसूल कोणाकडे लावून दिला, याची लेखी नोंद जोवर शाबूत आहे तोवर माणसे बदलली तरी कारभार चालतो. आणि नोंद बिघडली की माणसे तीच असूनही कारभार थांबतो. संगणकाचे नेमके असेच आहे. यंत्र तेच, आज्ञावल्या त्याच, परंतु कोणती आज्ञावली कोठे आहे, तिला कोणत्या रीतीने चालावयाचे आहे, वापरणाऱ्याची भाषा कोणती, छपाईयंत्र कोणते, ही सारी नोंद ज्या दप्तरात आहे तेच बिघडले तर यंत्र सुरूदेखील होत नाही.

हे दप्तर आरंभापासून असे एकत्र नव्हते. विंडोजच्या प्रारंभीच्या आवृत्त्यांत 'विन.आयएनआय' आणि 'सिस्टिम.आयएनआय' अशा नावांच्या साध्या मजकुराच्या फायली असत, आणि प्रत्येक आज्ञावली आपली आणखी एक फाईल कोठेतरी ठेवून देई. म्हणजे गावोगावच्या कुळकर्ण्यांनी आपापल्या घरी वह्या ठेवाव्यात आणि हुजुरास मात्र कोणत्या घरात काय आहे याचा पत्ता नसावा, अशातली ती अवस्था होती. १९९२ साली आलेल्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्रीचे बीज पडले, ते फार मर्यादित कामापुरते. १९९३ च्या विंडोज एनटीने सर्व प्रणालीचे दप्तर एका ठिकाणी आणले, आणि १९९५ च्या विंडोज ९५ पासून ही व्यवस्था घराघरांतील संगणकांत पोहोचली. लिनक्समध्ये अजूनही साध्या मजकुराच्या फायलींचीच परंपरा चालू आहे आणि तिचेही गुण आहेत. पण कर्जतच्या बाजारपेठेतील दुकानांत आणि आपल्याकडच्या बहुतेक कचेऱ्यांत जो संगणक दिसतो तो विंडोजचा, म्हणून येथे विचार त्याचाच करू.

दप्तराची रचना वृक्षासारखी आहे. सर्वांत वर पाच मुख्य शाखा, ज्यांची नावे 'एचकी' या अक्षरांनी सुरू होतात. त्यांच्या पोटी उपशाखा, उपशाखांच्या पोटी आणखी उपशाखा, आणि शेवटी प्रत्येक शाखेत एक किंवा अनेक नोंदी. शाखेस परिभाषेत 'की' म्हणतात आणि नोंदीस 'व्हॅल्यू'. प्रत्येक नोंदीला नाव, प्रकार आणि तपशील अशी तीन अंगे असतात. पाच शाखांपैकी खऱ्या अर्थाने लक्षात ठेवण्याजोग्या दोनच : 'एचकी लोकल मशीन', जीत त्या यंत्रापुरते सर्वांना लागू असलेले तपशील असतात, आणि 'एचकी करंट यूजर', जीत त्या वेळी काम करणाऱ्या माणसाच्या आवडीनिवडी असतात. उरलेल्यांपैकी काही तर याच दोहोंकडे बोट दाखविणारी नुसती दारे आहेत. पडद्यावर हे सर्व एका झाडासारखे अखंड दिसले तरी तबकडीवर त्याची गाठोडी निरनिराळी असतात. विंडोजच्या 'सिस्टिम ३२' मधील 'कॉन्फिग' या कप्प्यात 'सिस्टिम', 'सॉफ्टवेअर', 'सॅम', 'सिक्युरिटी' इत्यादी, आणि प्रत्येक माणसाच्या स्वतःच्या कप्प्यात 'एनटीयूजर.डॅट'. या गाठोड्यांना इंग्रजीत मधाच्या पोळ्याचे नाव दिलेले आहे, आणि मायक्रोसॉफ्टमधील जुने अभियंते रेमंड चेन यांनी त्याची हकीकत अशी दिली आहे की, एनटी घडविणाऱ्यांपैकी एकास मधमाश्यांचा तिटकारा होता म्हणून रजिस्ट्री लिहिणाऱ्याने मुद्दाम त्यात मधमाश्यांच्या खुणा पेरल्या. आपण मात्र त्यांना रुमाल म्हणावे. आपल्या भाषेत त्या वस्तूस तयार शब्द असताना पोळ्यात हात घालण्याचे कारण नाही.

या रुमालांत मराठी माणसाचे स्वतःचे असे काय आहे, हे पाहू लागलो तेव्हा मला या विषयाची खरी गोडी लागली. 'करंट यूजर' या शाखेखाली 'कंट्रोल पॅनेल' आणि तिच्या पोटी 'इंटरनॅशनल' अशी एक उपशाखा आहे. तेथे वापरणाऱ्याची भाषा व प्रदेश यांची नोंद असते. विंडोजने जगातील पुष्कळ भाषांस एकेक क्रमांक दिलेला आहे : हिंदीचा १०८१, मराठीचा ११०२, कोकणीचा ११११. तेथेच अंकांचे गट कसे पाडावयाचे याची एक नोंद आहे, आणि भारतीय पद्धती निवडलेली असेल तर तिचा तपशील तीन, दोन, शून्य असा दिसतो. म्हणजे उजवीकडून प्रथम तीन अंकांचा गट, मग दोन अंकांचा, आणि पुढे दोन-दोनचेच गट शेवटपर्यंत. आपले हजार, लाख, कोटी आणि अब्ज त्या तीन चिमुकल्या अंकांत सामावलेले आहेत. ही नोंद अमेरिकी पद्धतीची झाली, म्हणजे तीन-तीनचे गट पडू लागले, की साडेबारा लाखांची रक्कम १२,५०,००० अशी न दिसता १,२५०,००० अशी दिसू लागते, आणि आयुष्यभर लाखांत हिशेब केलेल्या सहकारी पतसंस्थेच्या वयस्कर लेखनिकाला आपण कोटी वाचले की लाख, असा संभ्रम पडतो. रक्कम तीच असते; परंतु डोळ्याला जी सवय आहे ती मोडली की चूक होण्यास वेळ लागत नाही.

'लोकल मशीन' या शाखेत खोल गेल्यावर यंत्रातील सर्व टंकांची यादी सापडते, आणि तीत 'मंगल' हे नाव दिसले की क्षणभर थांबावेसे वाटते. विंडोज २००० पासून ज्या टंकाने देशभरच्या संगणकांवर देवनागरी अक्षर उमटविले तो मंगल, अक्षरचित्रकार आणि कवी रघुनाथ कृष्ण जोशी यांच्या हातचा. अलीकडच्या आवृत्त्यांत त्याची जागा 'निर्मला' या टंकाने घेतली असून मंगल हा विंडोज १० पासून ऐच्छिक जोडणी म्हणून मागवून घ्यावा लागतो. त्यामुळे जुना दस्तऐवज नव्या यंत्रावर उघडला की अक्षराचे वळण बदललेले दिसते आणि ओळी सरकतात. अशा वेळी कित्येक जण थेट टंकांच्या यादीत हात घालतात. तसे करू नये. प्रणालीच्या 'ऐच्छिक सुविधा' या ठिकाणाहून देवनागरीचे पूरक टंक घेतले की ती नोंद विंडोज स्वतःच करते. अंकांच्या गटांचेही तेच : कंट्रोल पॅनेलमधील 'रीजन' या विभागात जाऊन ती निवड बदलता येते, आणि तेथून बदललेली गोष्ट दप्तरात योग्य जागी, योग्य प्रकारात आपोआप उतरते. ज्या कामाला कचेरीचा दर्शनी दरवाजा उघडा आहे त्या कामासाठी दप्तरखान्याच्या खिडकीतून आत उतरू नये, हा या प्रकरणातील माझा पहिला आग्रह आहे.

परंतु काही कामे अशी असतात की त्यांना दर्शनी दरवाजाच नसतो. काढून टाकलेल्या एखाद्या आज्ञावलीचे अवशेष नव्या आवृत्तीस आडवे येतात, एखाद्या छपाईयंत्राची जुनी नोंद पुसली जात नाही, किंवा विंडोजचे एखादे वर्तन बदलण्याची सोय तिच्या कर्त्यांनी केवळ दप्तरातच ठेवलेली असते. तेव्हा आत जावेच लागते. जाण्याची वाट सोपी आहे : कळफलकावरील विंडोजची कळ आणि 'आर' ही कळ एकत्र दाबली म्हणजे एक लहान चौकट उघडते, तीत रोमी अक्षरांत 'रेजएडिट' लिहावे, आणि यंत्राने परवानगी विचारली की ती द्यावी. डाव्या अंगास शाखा दिसतात, उजव्या अंगास नोंदी. २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या सुधारित आवृत्तीपासून वरच्या बाजूस पत्त्याची एक पट्टीही मिळाली आहे. त्यापूर्वी एकेक शाखा उघडत दहा-बारा पायऱ्या उतराव्या लागत आणि मध्येच कोठेतरी चूक होई.

शोध घेताना कंट्रोल आणि 'एफ' या कळांनी शोधाची चौकट उघडते आणि 'एफ-३' ने पुढचे स्थळ सापडते. येथे दोन गोष्टी नवख्याला ठाऊक नसतात. शोध तुम्ही ज्या शाखेवर उभे आहात तेथून पुढेच चालतो, मागे जात नाही. म्हणून संपूर्ण दप्तर धुंडाळावयाचे तर प्रथम सर्वांत वरच्या 'कॉम्प्युटर' या मुळावर उभे राहावे. आणि पहिले स्थळ सापडले म्हणजे तेच आपले स्थळ, असे समजू नये. 'सॉफ्टवेअर' नावाची शाखा 'लोकल मशीन' खालीही आहे आणि 'करंट यूजर' खालीही आहे. शिवाय चौसष्ट बिटांच्या यंत्रात बत्तीस बिटांच्या जुन्या आज्ञावल्यांसाठी 'वॉव ६४३२ नोड' नावाची एक स्वतंत्र उपशाखा असते आणि तीत बरीचशी तीच नावे पुन्हा येतात. रायगडचे कर्जत आणि आमचे कर्जत यांत जो फरक जिल्ह्याच्या नावाने कळतो, तो येथे मुळापासून शेवटापर्यंतच्या संपूर्ण पत्त्याने कळतो. पडद्यावर वर दिसणारा तो पत्ता अक्षरशः वाचून पाहिल्याखेरीज कळीला हात लावू नये.

शाखेचे नाव बदलणे ही तर याहून फसवी गोष्ट. आमच्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. ज्यांचा जन्म शेजारच्या जामखेड तालुक्यातील चौंडीचा, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव जिल्ह्यास लाभले. परंतु त्यापूर्वीच्या हजारो दस्तांवर, सनदांवर आणि दाखल्यांवर जुनेच नाव आहे आणि ते वाचणारा माणूस असल्यामुळे दोन्ही नावे एकाच भूमीची आहेत हे त्याला समजते. आज्ञावलीस ही समज नसते. तिच्या कर्त्याने ज्या नावाने शाखा शोधावयास सांगितले त्याच नावाने ती शोधते. ते नाव एका अक्षराने बदलले तरी तिच्या लेखी ती शाखा अस्तित्वातच नाही.

आता फेरफाराकडे वळू. ज्याची जमीन आहे त्या प्रत्येकाला हा शब्द ठाऊक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या अन्वये जमिनीच्या हक्कात बदल झाला की त्याची वर्दी द्यावयाची, तलाठ्याने ती फेरफार नोंदवहीत म्हणजे गाव नमुना सहामध्ये लिहावयाची, हितसंबंधितांना नोटीस द्यावयाची, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबावयाचे, आणि मग वरिष्ठाने ती नोंद तपासून प्रमाणित केल्यावरच सातबारावर अंमल द्यावयाचा. हस्तलिखित सातबारावर तर जुन्या कब्जेदाराचे नाव खरवडून काढीत नसत. त्याला कंस करीत आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहीत, जेणेकरून पन्नास वर्षांनी नातवाने तो उतारा हाती घेतला तरी कोणाचे नाव कधी आणि कशामुळे गेले हे त्याला कळावे. लेखनात प्रमाद झालाच तर तो दुरुस्त करण्यासाठी याच अधिनियमात कलम १५५ ची निराळी तजवीज आहे. या पद्धतीला विलंब लागतो अशी तक्रार आपण सारेच करतो आणि ती निराधार नाही. परंतु त्या विलंबात किती शहाणपण साठलेले आहे हे मला सातबारा पाहून नव्हे, तर रेजएडिट वापरून उमगले.

कारण रेजएडिटमध्ये यांपैकी काही नाही. नोटीस नाही, मुदत नाही, प्रमाणित करणारा अधिकारी नाही. दस्तऐवज लिहिताना जशी शेवटी 'जतन करा' ही आज्ञा द्यावी लागते तशीही येथे नाही. तुम्ही नवा तपशील लिहून होकार दिला की त्याच क्षणी अंमल झाला. आणि झालेली चूक मागे घेण्याची जी आज्ञा प्रत्येक लेखनसाधनात असते, ती येथे मुळीच नाही. पुसलेली शाखा तिच्या सर्व पोटशाखांसह जाते. तिला कंस पडत नाही, क्रमांक पडत नाही, तिची कोणतीही खूण उजव्या वा डाव्या अंगास उरत नाही. म्हणून जी शिस्त महसूल खात्यात कायद्याने लावली आहे ती येथे वापरणाऱ्याने स्वतःच्या हाताने लावून घ्यावी लागते.

ती शिस्त अशी. प्रथम 'रिस्टोअर पॉइंट', म्हणजे प्रणालीची त्या वेळची स्थिती जपून ठेवणारी खूण, निर्माण करावी. ही सोय विंडोजमध्ये २००० सालापासून आहे, पण पुष्कळ यंत्रांत ती बंद असते, म्हणून ती चालू आहे की नाही हे 'सिस्टिम प्रोटेक्शन' या ठिकाणी जाऊन डोळ्यांनी पाहावे. नंतर जी शाखा बदलावयाची तीवर उभे राहून 'फाइल' या यादीतील 'एक्स्पोर्ट' ने तिची नक्कल काढावी आणि तिच्या नावात तारीख घालावी. येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे, आणि ती न कळल्याने जाणत्यांचीही फसगत झालेली मी पाहिली आहे. ही नक्कल परत आत घेतली म्हणजे दप्तर पूर्वस्थितीस येते असा समज आहे, तो अर्धाच खरा. नकलेत जे आहे ते परत येते, बदललेले तपशील पूर्ववत होतात, पुसलेले पुन्हा उगवते; परंतु दरम्यान तुम्ही जी नवी नोंद घातली असेल ती नकलेत नसल्यामुळे तिला हात लागत नाही, ती तशीच राहते. म्हणून नवीन घातलेले काय, हे निराळे टिपून ठेवावेच लागते.

आणि पुसण्याची घाई करू नये. एखादी नोंद निरुपयोगी आहे असे वाटले तर ती नाहीशी करण्याऐवजी तिच्या नावापुढे 'जुने' अशा अर्थाचे एखादे अक्षर जोडावे. नाव बदलल्यामुळे आज्ञावलीस ती सापडणार नाही, म्हणजे पुसल्याचाच परिणाम होईल, परंतु तपशील जागच्या जागी शाबूत राहील. सातबारावरील कंस तो हाच. फेरफाराच्या नोटिशीइतके पंधरा दिवस थांबावे, यंत्र सुरळीत चालले तर मग खुशाल पुसावे. या युक्तीला एक अपवाद आहे. संगणक सुरू होताच कोणत्या आज्ञावल्या चालवावयाच्या याची यादी 'रन' नावाच्या शाखेत असते, आणि तेथे नोंदीचे नाव कोणतेही असले तरी तिच्या तपशिलात लिहिलेली आज्ञावली चालतेच. नाव बदलून तेथे काही साधत नाही. उपद्रवी आज्ञावल्याही याच शाखेत स्वतःचे ठाणे मांडतात. तेथील बंदोबस्त 'टास्क मॅनेजर' मधील 'स्टार्टअप' या यादीतून करणे अधिक सुरक्षित.

ज्याला हाताने करून शिकावयाचे आहे त्याच्यासाठी एक निरुपद्रवी अभ्यास सांगतो. 'करंट यूजर' खाली 'कंट्रोल पॅनेल' आणि तिच्याखाली 'डेस्कटॉप' या शाखेत 'मेनू शो डिले' नावाची नोंद आहे. तिचा तपशील बहुधा ४०० असतो. यादीवर बाण नेल्यापासून तिची पोटयादी उघडेपर्यंत यंत्राने किती मिलिसेकंद थांबावे, याचा तो आकडा आहे. शाखेची नक्कल काढावी, आकडा २०० करावा, आणि यंत्रातून बाहेर पडून पुन्हा आत यावे. कारण पुष्कळशा नोंदी विंडोज प्रवेशाच्या वेळीच वाचते आणि नंतर बदल झाला तरी तिला त्याची वार्ता नसते. पोटयाद्या किंचित लवकर उघडताना दिसतील. मग नक्कल आत घेऊन ४०० परत आला की नाही ते पाहावे. पहिल्या दिवशी एवढे पुरे.

या नोंदीचा प्रकार मजकुराचा आहे. पण कित्येक नोंदी आकड्याच्या असतात, आणि तेथे एक विवर आहे. तपशिलाची चौकट उघडली की आकडा दशमान पद्धतीने लिहावयाचा की षोडशमान, हे विचारणारी दोन वर्तुळे असतात आणि षोडशमान हेच आधीपासून निवडलेले असते. तेथे दहा म्हणून एकावर शून्य लिहिले तर दप्तरात सोळा जातात. मराठी भाषेचा जो ११०२ हा क्रमांक वर सांगितला तो षोडशमानात शून्य, चार, चार आणि 'ई' असा लिहितात, दोन्ही एकच. जमिनीचे क्षेत्र सांगताना नुसते चाळीस म्हणून भागत नाही, चाळीस गुंठे म्हणजे एक एकर आणि चाळीस एकर म्हणजे जहागीर, तसेच हे.

हे सारे मी ग्रंथ वाचून शिकलो असे नाही. काही वर्षांपूर्वी कर्जतला असताना एका जुन्या मराठी टंकलेखनाच्या आज्ञावलीचे अवशेष समजून मी एक शाखा पुसली. नक्कल काढली होती, पण ती एका पोटशाखेची. पुसली ती तिच्या वरची. दुसरी एक आज्ञावली, जीवर माझे वर्षभराचे लेखन होते, तिचाही परवाना त्याच वरच्या शाखेत नोंदलेला होता हे मला ठाऊक नव्हते. त्या संध्याकाळी ती उघडेना. लेखन नाहीसे झाले नव्हते, परंतु ते वाचण्यासाठी ती आज्ञावली पुन्हा मिळवून बसवीपर्यंत तीन आठवडे गेले आणि एका दिवाळी अंकास द्यावयाचा लेख राहून गेला. दोष त्या आज्ञावलीच्या कर्त्यांचा नव्हता. पत्ता मी नीट वाचला नव्हता.

दुसऱ्याच्या हातून येणाऱ्या फेरफाराबद्दल मात्र कठोरपणे बोलले पाहिजे. कोणीतरी पाठविलेली 'रेग' या शेपटाची फाईल दोनदा टिचकी मारताच दप्तरात शिरण्याची परवानगी मागते, आणि माणूस न वाचता 'होय' म्हणतो. अशी फाईल आधी साध्या नोटपॅडमध्ये उघडून वाचावी. तीत चौकोनी कंसाच्या आत, शाखेच्या नावाच्या आधी, वजाबाकीचे चिन्ह दिसले तर ती फाईल ती संपूर्ण शाखा पुसणार आहे असे समजावे. कोऱ्या मुखत्यारपत्रावर आपण सही करीत नाही. येथेही करू नये. आणि दप्तर 'साफ' करून यंत्र वेगवान करण्याचे आश्वासन देणारी जी साधने विकली जातात ती घेऊच नयेत. रजिस्ट्रीतील काही निकामी नोंदींमुळे संगणक लक्षात येण्याइतका मंद होत नाही. उलट त्या साधनाने कामाची नोंद निकामी समजून काढली तर जो बिघाड होतो तो दुरुस्त होईलच अशी हमी आपण देऊ शकत नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या धोरणात नमूद केले आहे. 'सॅम' आणि 'सिक्युरिटी' या शाखा व्यवस्थापकालाही रिकाम्या दिसतात आणि काही शाखांची मालकी प्रणालीने स्वतःकडे ठेवलेली असते. ती मालकी हिसकावून घेण्याच्या युक्त्या सांगणारे पुष्कळ भेटतात. कोषागाराला कुलूप असते ते सकारण असते.

आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि ऐन दप्तरात लिहिणे चालू असताना ती गेली तर काय, हा प्रश्न कोणीही विचारील. त्याची तजवीज विंडोजच्या कर्त्यांनी जुन्या पेढ्यांसारखीच केली आहे. पेढीवर व्यवहार प्रथम रोजकीर्दीत पडतो आणि मग सवडीने खतावणीत चढतो. तसाच प्रत्येक बदल आधी रुमालाशेजारच्या 'लॉग' या फायलीत लिहिला जातो आणि नंतर मूळ रुमालात जातो. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी रोजकीर्द पाहून खतावणी पुरी केली जाते. मात्र एक जुनी सोय आता राहिलेली नाही : पूर्वी विंडोज आपल्या रुमालांची एक प्रत 'रेगबॅक' या कप्प्यात आपोआप ठेवीत असे, ते विंडोज १० च्या २०१८ मधील १८०३ या आवृत्तीपासून बंद झाले. कप्पा दिसतो, तो भरवशाचा नाही. यंत्र उघडेचना, तर दोन-तीन अपुऱ्या प्रारंभांनंतर दुरुस्तीचा जो निळा पडदा येतो त्यातून 'सिस्टिम रिस्टोअर' निवडून जपलेल्या खुणेपर्यंत मागे जाता येते. मात्र तेथे मागे जाण्यास खूण असेल ती आधी निर्माण झालेली असेल तरच.

त्या दिवाळीनंतर मी संगणकाशेजारी शंभर पानांची एक साधी वही ठेवली. प्रत्येक फेरफाराला तीत क्रमांक आहे, तारीख आहे, शाखेचा मुळापासूनचा संपूर्ण पत्ता आहे, जुना तपशील, नवा तपशील, नकलेच्या फायलीचे नाव आणि बदलाचे कारण आहे. ती वही संगणकात ठेवू नये, कागदाचीच असावी. कारण ज्या दिवशी तिची गरज पडते त्या दिवशी संगणक बंद असतो. वाचकांना माझी विनंती आहे की हे प्रकरण मिटण्यापूर्वी अशी एक वही समोर घ्यावी, पहिल्या पानावर आपल्या यंत्रातील विंडोजची आवृत्ती लिहावी, आणि 'मेनू शो डिले' हा फेरफार क्रमांक एक म्हणून नोंदवावा : जुना तपशील ४००, नवा २००.